न घडलेल्या टनाची गोष्ट

किम स्टॅनली रॉबिन्सनच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' या कादंबरीबद्दल कोणीही बोलायला लागलं, की गाडी पहिल्या प्रकरणापासून सुरू होते आणि बरेचदा तिथेच थांबते. ते प्रकरण आहेच तसं. उत्तर प्रदेशातलं एक गाव, उष्णतेची लाट, वीज गेलेली. फ्रँक मे नावाचा अमेरिकन मदत कर्मचारी आपल्या दवाखान्यात जनरेटरवर एसी चालवून जमेल तितक्या लोकांना आत घेतो. मग बंदूकवाली पोरं येतात आणि एसी नि जनरेटर उचलून नेतात. लोक रात्री तळ्यात उतरतात. तळ्याचं पाणी अंगापेक्षा गरम असतं. सकाळी फ्रँक तेवढा जिवंत उरतो. पुढे आपल्याला कळतं, की त्या लाटेत दोन कोटी माणसं मेली.

मला मात्र या कादंबरीच्या मधल्या भागाबद्दल बोलायचं आहे. पुस्तक आवडलेले लोकसुद्धा हा भाग 'थोडा रटाळ आहे, पण ठीक आहे' म्हणून उडवून लावतात. मेरी मर्फी, आयर्लंडची माजी परराष्ट्रमंत्री, झुरिचमध्ये बसून मोठमोठ्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांना भेटते आणि त्यांच्या गळी एक कल्पना उतरवू पाहते, तो भाग. कल्पना म्हणजे 'कार्बन कॉइन'. जो कोणी एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून काढून घेईल, किंवा हवेत जाऊच देणार नाही, त्याला मध्यवर्ती बँकांनी एक नाणं द्यायचं. नाण्याची किंमत एका पातळीखाली येणार नाही याची हमीही त्यांनीच द्यायची. डेल्टन चेन यांनी मांडलेल्या खऱ्या प्रस्तावावर ही कल्पना बेतलेली आहे आणि कादंबरी ते लपवत नाही.

आधी दाद देतो. व्याजदर, रोखे, चलनाची हमी यांना कथानकाच्या इंजिनात बसवणारी कादंबरी मी तरी दुसरी वाचलेली नाही. हवामानावरच्या बहुतेक कादंबऱ्या आपत्ती दाखवतात आणि थांबतात. पूर येतो, शहर बुडतं, एक कुटुंब होडीत बसून निघून जातं. 'मग पैसे कोण देणार?' हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच येत नाही. रॉबिन्सनच्या येतो, आणि तो त्यासाठी बैठकांची इतिवृत्तं, टिपणं, अगदी फोटॉन आणि कार्बनच्या अणूचं आत्मकथन, असं हाताला लागेल ते वापरतो. १०६ प्रकरणं आहेत, काही जेमतेम पानभराची. घरात सगळं सामान हॉलमध्ये काढून ठेवलंय असा तो पसारा आहे, आणि मला तो आवडतो.

माझी तक्रार नाण्याबद्दल नाहीच. ती टनाबद्दल आहे.

कादंबरीत नाणं कसं निघतं, त्याला हमी कोण देतं, बँकवाले आधी नाही का म्हणतात, मग हो का म्हणतात, हे सगळं आहे. ज्या टनाच्या बदल्यात नाणं निघतं तो टन मात्र कुठेही पात्र म्हणून येत नाही. कुठल्याशा शेतकऱ्याच्या रानात माती मोजायला माणसं येतात, मातीत कार्बन वाढल्याचं निघतं, नाणी मिळतात, घरात आनंद होतो. तेलवाले देश तेल जमिनीतच ठेवतात, त्यांना नाणी मिळतात. प्रत्येक वेळी टन आपला हजर. मोजलेला, सही झालेला. पडताळणी करणारे लोक असणार हे लेखकाला माहीत आहे, पण त्यांच्यातल्या एकालाही घाम फुटलेला दिसत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि माझ्या धंद्यात याला एक ओळखीचा वास येतो. कादंबरीत पैशाचा माग ठेवायला ब्लॉकचेनचा आधार घेतलाय. नोंद कोणी बदलू शकत नाही, हे खरं. पण डेटाबेस कितीही चिरेबंदी असला तरी त्यात पहिल्यांदा जो आकडा टाइप केला जातो तो माणूसच टाइप करतो. चुकीचा आकडा आत गेला, तर चिरेबंदी डेटाबेस तो चुकीचा आकडा चिरेबंदी पद्धतीने सांभाळतो, एवढंच.

आणि टन दोन प्रकारचे असतात. चिमणीतून बाहेर पडलेला टन एक वस्तू आहे. यंत्र लावा, मोजा. न पडलेला टन ही वस्तू नाही, ती एक गोष्ट आहे: 'आम्हाला पैसे मिळाले नसते, तर आम्ही अमुक केलं असतं आणि तेव्हा इतका धूर निघाला असता.' हे वाक्य कुठलंही यंत्र मोजू शकत नाही, कारण तसं काही घडलेलंच नाही. पर्यावरणाच्या बाजारात गेली वीस वर्षं सगळ्यात जास्त विकला गेलेला माल तो हाच. कल्पित. एका कादंबरीकाराला इथे हात घालावासा वाटला नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

क्योतो करारातून 'क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम', म्हणजे सीडीएम नावाची व्यवस्था आली. श्रीमंत देशांनी स्वतःचा धूर कमी करायचा, किंवा गरीब देशात कोणीतरी कमी केलेला धूर विकत घ्यायचा. क्रेडिट मिळवण्यासाठी प्रत्येक प्रकल्पाला एक दस्तऐवज लिहावा लागे, प्रोजेक्ट डिझाइन डॉक्युमेंट. हे दस्तऐवज सार्वजनिक आहेत आणि साहित्याची आवड असलेल्यांनी त्यातले दोनतीन तरी वाचावेत असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यात एक भाग असतो 'ॲडिशनॅलिटी'चा. हा प्रकल्प क्रेडिटच्या पैशांशिवाय उभाच राहिला नसता, हे त्यात पटवून द्यायचं असतं. नायक गरीब, परिस्थिती बिकट, परतावा अपेक्षेपेक्षा कमी, बँका नाखूश, तंत्रज्ञान नवखं. अशा वेळी क्रेडिटचा हात पुढे येतो आणि नायक तरतो. शेकडो दस्तऐवज, कथानक एकच. याच प्रकल्पाला कर्ज मिळवायचं, तर बँकेला नेमकी उलटी गोष्ट सांगावी लागते: परतावा उत्तम, धोका कमी.

आपल्याकडच्या पवनचक्क्या या व्यवस्थेत मोठ्या संख्येने होत्या. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या पठारांवरून जाताना दिसतात त्यातल्याही काहींच्या नावावर असे दस्तऐवज आहेत. कॅलेल, कोल्मर, देशेझलेप्रेत्र आणि ग्लाशां या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या पवनप्रकल्पांवर एक छान कल्पक अभ्यास केला. त्यांनी क्रेडिट मिळालेले प्रकल्प घेतले आणि ते क्रेडिट न मिळालेल्या, पण तरीही उभ्या राहिलेल्या प्रकल्पांशी ताडून पाहिले. क्रेडिट मिळालेला प्रकल्प जर त्यांच्याहून जास्त फायद्याचा असेल, तर तो तसाही उभा राहिलाच असता. निघालं असं, की निदान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेली. पवनचक्की खरी, वीज खरी. 'नाहीतर झालं नसतं' एवढंच खोटं. आणि विकलं गेलं ते नेमकं तेच. युरोपातल्या एखाद्या कारखान्याने ते क्रेडिट घेऊन तेवढा धूर जास्त सोडला, तो धूर मात्र खराच होता.

पण पवनचक्की हे सौम्य उदाहरण झालं. खरी कादंबरी एचएफसी-२३ ची आहे.

आपल्या जुन्या एसींमध्ये जो वायू असे, एचसीएफसी-२२, बाजारात ज्याला आर-२२ म्हणतात, तो बनवताना थोडासा एचएफसी-२३ आपोआप तयार होतो. त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून तो हवेत सोडून दिला जाई. तापमान वाढवण्याच्या बाबतीत मात्र तो भयंकर. क्योतोच्या पहिल्या पर्वात जो तक्ता वापरला जाई त्यात एक टन एचएफसी-२३ म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड असं धरलं होतं. म्हणजे एक टन जाळून टाका आणि ११,७०० क्रेडिट घ्या. क्रेडिटला १० युरो भाव धरला, तर एका टनामागे १ लाख १७ हजार युरो. जाळायला भट्टी लागते, पण तिचा खर्च या रकमेपुढे किरकोळ. मायकेल वारा यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये हिशोब मांडला होता. २०१२ पर्यंत या वायूच्या क्रेडिटपोटी साधारण ४७० कोटी युरो जातील, आणि तेच काम थेट भट्ट्या बसवून दिल्या तर १० कोटी युरोंच्या आत होईल.

जगभरात असे १९ प्रकल्प नोंदले गेले. बहुतेक चीनमधले, त्याखालोखाल भारतातले. गुजरातमध्ये पंचमहाल जिल्ह्यात रणजितनगरला जो कारखाना आहे, त्याचा प्रकल्प जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक. सुरुवातीच्या वर्षांत वाटलेल्या क्रेडिटमध्ये या मूठभर कारखान्यांचा वाटा सगळ्यात मोठा होता. पवनचक्क्या, बायोगॅस, चुली वगैरे मंडळी त्यांच्यापुढे फुटकळ.

आता प्रोग्रामरच्या नजरेने ११,७०० या आकड्याकडे बघा. कॉन्फिग फाइलमध्ये कोणीतरी एक स्थिरांक लिहून ठेवलाय, आणि त्यावरून सगळी व्यवस्था ठरते. मुख्य माल कुठला आणि कचरा कुठला, हेही. कारखान्याच्या दृष्टीने एसीचा वायू हे जोडउत्पादन होऊन बसतं आणि कचरा हा खरा माल. नियम करणारे भोळे नव्हते. फक्त जुन्या कारखान्यांना परवानगी, मूळ उत्पादनाच्या तुलनेत कचरा किती धरायचा यावर कमाल मर्यादा, असं बरंच घातलं होतं. पण मर्यादा घातली, की लोक मर्यादेपर्यंत जातात. मी पूर्वी होतो त्या एका कंपनीत टेस्टिंगवाल्यांचं मूल्यमापन सापडलेल्या बगच्या संख्येवर सुरू झालं, आणि महिन्याभरात एकाच बगचे चार तुकडे करून चार तिकिटं यायला लागली. तिथे कोणी चोर नव्हतं. रशियात क्योतोच्याच एका बहीण-व्यवस्थेखाली जे घडलं ते याच जातीचं, फक्त फार मोठं. तिथल्या कारखान्यांनी क्रेडिट मिळू लागल्यावर कचरा-वायूचं उत्पादन पूर्वी कधी नव्हतं इतकं वाढवलं, आणि मग तो इमानेइतबारे जाळला. श्नायडर आणि कोलमुस यांनी २०१५ मध्ये हे आकडेवारीनिशी दाखवलं.

युरोपीय संघाने मे २०१३ पासून ही क्रेडिट घेणं बंद केलं. त्याआधीच भाव कोसळले होते. २००८ मध्ये २० युरोंच्या वर गेलेलं क्रेडिट २०१२ संपताना एका युरोच्या खाली आलं. आणि मग ऑक्टोबर २०१६ मध्ये, किगालीच्या वाटाघाटी चालू असताना, भारत सरकारने जाहीर केलं की एचसीएफसी-२२ बनवणाऱ्या कारखान्यांनी एचएफसी-२३ स्वखर्चाने जाळायचा. संपलं. जे दहा वर्षं जगातला सगळ्यात किफायतशीर पर्यावरण-माल म्हणून विकलं गेलं, ते एका आदेशात नेहमीच्या उत्पादनखर्चात जमा झालं.

कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणातून पळवला गेलेला एसी आठवा. माणसांना जगवणारं ते यंत्र, त्यातला वायू, तो वायू बनवताना निघणारा कचरा, त्या कचऱ्यावर उभा राहिलेला पहिला जागतिक कार्बन बाजार. हा धागा रॉबिन्सनच्या हाताशी होता. त्याने उचलला असता, तर झुरिचच्या बैठका आणि ते तळं एकमेकांना शिवले गेले असते. आत्ता ते वेगवेगळे राहतात. तळ्यात भारतीय मरतात, झुरिचमध्ये उपाय निघतो. पुढे भारत सरकार बदलतं, आकाशात धूळ फवारतं, शेती सुधारतं, पण हे सगळं 'भारताने' केलं असं येतं, जणू भारत हे एकाच माणसाचं नाव आहे. मंत्रालयातला बादीम सोडला, तर या मातीतला माणूस म्हणून लक्षात राहावं असं कोणी नाही. त्या गावातून एकटा अमेरिकन जिवंत उरतो, हे मला पहिल्या वाचनात खटकलं नव्हतं. दुसऱ्या वाचनात बरंच खटकलं.

तेल जमिनीत ठेवण्याबद्दलही हेच. कादंबरीत देश तयार होतात, कारण भाव चांगला मिळतो. प्रत्यक्षात हा सौदा एकदा मांडला गेला आहे. इक्वेडोरचे अध्यक्ष राफाएल कोरेया यांनी २००७ मध्ये जगाला सांगितलं, की यासुनीच्या जंगलाखालचं तेल आम्ही काढत नाही, त्याच्या निम्म्या किमतीइतके, म्हणजे ३६० कोटी डॉलर, तुम्ही द्या. २०१३ पर्यंत हातात आले सुमारे १ कोटी ३० लाख. कोरेयांनी योजना गुंडाळली आणि तेल काढायला सुरुवात झाली. पुढचा भाग जास्त रंजक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये इक्वेडोरमध्ये सार्वमत झालं आणि साधारण ५९ टक्के लोकांनी तिथलं तेल काढणं थांबवा म्हणून कौल दिला. त्यांना कोणी नाणं देऊ केलं नव्हतं. पैशाशिवाय काही हलत नाही, या कादंबरीच्या गृहीतकाला हे उदाहरण सरळ छेद देतं. मी कादंबरीचा वकील असतो, तर या प्रश्नाची तयारी करून आलो असतो.

आता कोणी म्हणेल, मग बाजार नकोच का? माझं तसं म्हणणं नाही, आणि याचं कारण सुरतमध्ये आहे.

गुजरातमध्ये कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट बाहेरच्या ऑडिटरकडून करून घ्यायचा नियम होता. ऑडिटर कारखान्याने निवडायचा, पैसे कारखान्याने द्यायचे. धुळीच्या कणांची मर्यादा होती घनमीटरला १५० मिलिग्रॅम. अहवाल बघितले तर आकड्यांची झुंबड नेमकी १५० च्या किंचित खाली. दुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाबरोबर प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले, पैसे एका सामाईक निधीतून दिले, आणि ऑडिटरने मोजलेलं दुसऱ्या पथकाने जाऊन पुन्हा मोजलं. ऑडिटर खरं सांगायला लागले. माणसं त्याच धंद्यातली, यंत्रंही तीच, पैसे देणारा हात तेवढा बदलला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ऑडिटर खरं बोलायला लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर २०१९ मध्ये सुरतच्या तीनशेवर कारखान्यांपैकी निम्म्यांना घेऊन धूलिकणांचा बाजार सुरू झाला. बहुतेक कापडाच्या प्रोसेसिंगवाले, कोळसा जाळणारे. चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं, एकूण धुरावर कमाल मर्यादा, आणि त्या मर्यादेत परवान्यांची खरेदी-विक्री. बाजारातल्या कारखान्यांचं प्रदूषण बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी भरलं. इथे विकला जातो तो माल म्हणजे पडलेला धूर सोडण्याचा हक्क. न पडलेल्या धुराची गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही, 'नाहीतर काय झालं असतं' हे कोणी विचारत नाही. चिमणी काय म्हणते एवढंच बघायचं. इथेही यंत्राशी खेळ करता येतोच, पण तो खेळ पकडता येतो, कारण मुळात काहीतरी घडलेलं असतं.

रॉबिन्सनच्या कार्बन कॉइनमध्ये हे दोन्ही टन एकाच नाण्यात विरघळले आहेत. हवेतून काढून खडकात बंद केलेला टन आणि काढणारच होतो पण काढलं नाही अशा तेलाचा टन, दोघांनाही तेच नाणं, तोच भाव. माझ्या मते हा कादंबरीतला सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो अर्थशास्त्राचा असण्याआधी कादंबरीलेखनाचा आहे. संघर्ष जिथे होता तिथून लेखक घाईने निघून गेला. गव्हर्नर लोकांचं मन वळवणं अवघड आहे, मान्य. पण त्या खोल्यांमध्ये एसी असतो. कोणीतरी भर दुपारी चिमणीच्या लोखंडी शिडीवरून वर चढतं, नमुना घेतं, खाली येतं, आणि खाली मालकाचा माणूस चहा घेऊन उभा असतो. त्या चहाच्या कपावर एक उत्तम प्रकरण होऊ शकलं असतं, बैठकीच्या इतिवृत्तापेक्षा कितीतरी जास्त ताणाचं.

जून २०२३ मध्ये भारताने आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित केली. मोठ्या उद्योगांना प्रत्यक्ष धुराची लक्ष्यं, आणि बाजूला ऐच्छिक प्रकल्पांची क्रेडिट, अशी दोन्ही दालनं तिच्यात आहेत. यातलं पहिलं सुरतच्या घराण्यातलं, दुसरं सीडीएमच्या. दोन्हींचं क्रेडिट कार्बन डायऑक्साइडच्या टनातच मोजलं जाणार, आणि पडताळणी करणाऱ्या संस्था दोन्हीकडे लागणार. त्यांचं बिल कोणाच्या नावाने फाडलं जातं, हा या योजनेच्या नियमावलीतला सगळ्यात नाट्यमय परिच्छेद आहे. कादंबरी वाचलेल्यांनी तोही वाचावा.